शंभरांच्या यादीत सचिन नाही : 'विस्डेन १००' आणि पक्षपाताचा आरोप

प्रकरण

२००१ च्या जुलैमध्ये 'विस्डेन' या इंग्रजी क्रिकेट-वार्षिकाच्या नावाने कसोटी क्रिकेटमधील सर्वोत्तम १०० फलंदाजी-डावांची आणि सर्वोत्तम १०० गोलंदाजी-कामगिऱ्यांची यादी जाहीर झाली. तोवर दीड हजारांहून अधिक कसोटी सामने खेळले गेले होते आणि दर सामन्यात सरासरी तीस-पस्तीस वैयक्तिक डाव धरले, तर पन्नास हजारांच्या आसपासच्या डावांतून हे शंभर निवडलेले होते. फलंदाजीत पहिला क्रमांक डॉन ब्रॅडमन यांच्या मेलबर्नच्या २७० धावांना, दुसरा ब्रायन लाराच्या ब्रिजटाऊनच्या नाबाद १५३ ला मिळाला. व्ही. व्ही. एस. लक्ष्मणचा अवघ्या चार महिन्यांपूर्वीचा कोलकात्याचा २८१ धावांचा डाव सहाव्या क्रमांकावर होता. गोलंदाजीत दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्ड यांच्या ११३ धावांतील ९ बळींनंतर लगेच अनिल कुंबळेच्या दिल्लीतील ७४ धावांत १० बळींचा क्रमांक लागला होता.

भारतात मात्र यादीत कोण आहे, यापेक्षा कोण नाही याचीच चर्चा झाली. सचिन तेंडुलकरचा एकही कसोटी डाव या शंभरांत नव्हता. त्या वेळी तो अठ्ठावीस वर्षांचा होता, त्याच्या नावावर २५ कसोटी शतके होती आणि याच्या खेळात मला माझा खेळ दिसतो, असे खुद्द ब्रॅडमन यांनी सांगून ठेवलेले होते. अशा फलंदाजाचा एकसुद्धा डाव जगातल्या पहिल्या शंभरांत बसत नाही, हे विधान देशभरातील चाहत्यांना आणि विशेषतः 'आपला सचिन' म्हणणाऱ्या मुंबईला पटणे शक्यच नव्हते. ही चूक अजाणतेपणी झालेली नाही, यामागे कुणाचा तरी आकस आहे, असा अर्थ अनेकांनी तत्काळ काढला.

हा आरोप कितपत टिकतो, तो नेमका कशावर होता आणि त्याला आकड्यांच्या बाजूने कोणते उत्तर देता आले असते, हे पाहण्यासाठी हे प्रकरण आजही उपयोगी आहे. क्रीडालेखनात आकडेवारीवर भर देणाऱ्यांवर पक्षपाताचे आरोप होत राहतात आणि त्यांतील बहुतेकांची ठेवण याच प्रकरणासारखी असते.

यादी कशी केली होती

ही यादी पंचांनी, माजी खेळाडूंनी किंवा पत्रकारांनी मते देऊन केलेली नव्हती. अनंत नारायणन या भारतीय विश्लेषकाने बांधलेल्या एका सूत्रातून ती निघाली होती. प्रत्येक डावाला अनेक निकषांवर गुण दिले गेले आणि त्या गुणांच्या बेरजेवर क्रमांक ठरला. केलेल्या धावा हा एक निकष होताच. पण त्याबरोबर समोरच्या गोलंदाजीचा दर्जा, खेळपट्टीचे स्वरूप, फलंदाज मैदानात आला तेव्हा संघाची अवस्था, संघाच्या धावसंख्येतील त्याचा वाटा, दुसऱ्या टोकाकडून मिळालेली साथ आणि शेवटी सामन्याचा निकाल यांनाही वजन होते.

या सूत्राला काय आवडते, हे वरच्या क्रमांकांकडे पाहिले की लक्षात येते. १९३७ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलिया इंग्लंडविरुद्धच्या अॅशेस मालिकेत ०–२ ने मागे होती. पावसाने ओली झालेली खेळपट्टी वाळावी म्हणून कर्णधार ब्रॅडमन यांनी फलंदाजीचा क्रमच उलटा केला, ते स्वतः सातव्या क्रमांकावर ५ बाद ९७ अशा स्थितीत आले, जॅक फिंगल्टन यांच्याबरोबर त्यांनी ३४६ धावांची भागीदारी केली आणि ऑस्ट्रेलियाने तो सामना ३६५ धावांनी आणि पुढे मालिका ३–२ ने जिंकली. १९९१ च्या हेडिंग्ले कसोटीत इंग्लंडच्या ग्रॅहॅम गूचने वेस्ट इंडिजच्या मार्शल, अॅम्ब्रोज, वॉल्श आणि पॅटरसन यांच्यासमोर संघाच्या २५२ पैकी नाबाद १५४ धावा केल्या. तोही डाव अगदी वरच्या क्रमांकांत होता. १९९८ मध्ये डर्बन येथे पाकिस्तानच्या २५९ पैकी १३२ धावा करणारा अझर महमूदसुद्धा पहिल्या दहांत होता. पाकिस्तानने तो सामना अवघ्या २९ धावांनी जिंकला होता.

अझर महमूद पहिल्या दहांत आणि तेंडुलकर शंभरांतही नाही, ही तुलना चाहत्यांच्या सर्वाधिक जिव्हारी लागली. पण सूत्राच्या दृष्टीने तिच्यात वावगे काहीच नव्हते, कारण सूत्र फलंदाजांची तुलना करतच नव्हते. डर्बनच्या त्या एका दिवशी समोर दक्षिण आफ्रिकेचे डोनाल्ड आणि पोलॉक होते, संघ कोसळत होता, त्या संघाच्या निम्म्याहून अधिक धावा एकट्याने केल्या आणि संघ जिंकला, एवढेच त्याला दिसत होते. तो फलंदाज आयुष्यभरात किती मोठा ठरला, हा प्रश्न त्याला विचारलेलाच नव्हता. गुंडाप्पा विश्वनाथ यांचा १९७५ चा मद्रासचा नाबाद ९७ धावांचा डाव शतक नसूनही ३८ व्या क्रमांकावर होता, हे या संदर्भात फार बोलके आहे. वेस्ट इंडिजच्या अँडी रॉबर्ट्सने ६४ धावांत ७ बळी घेतले, भारत १९० वर आटोपला, त्यांत विश्वनाथ यांच्या ९७ आणि भारताने सामना १०० धावांनी जिंकला. चेपॉकवर तो डाव पाहिलेली मंडळी इतकी वर्षे जे सांगत होती, त्याला सूत्राने मुकाट्याने दुजोरा दिला होता. त्याबद्दल कुणी सूत्राचे आभार मानल्याचे मात्र दिसत नाही.

पक्षपाताचा आरोप

सर्वांत सोपा आरोप नावावरून होता. 'विस्डेन' हे १८६४ पासून निघणारे इंग्रजी वार्षिक. तेव्हा गोऱ्यांनी गोऱ्यांना वर बसवले, असे म्हणणे सुचणे स्वाभाविक होते. परंतु सूत्र बांधणारा भारतीय होता, दुसऱ्या क्रमांकावर त्रिनिदादचा लारा होता, सहाव्यावर हैदराबादचा लक्ष्मण होता आणि गोलंदाजीत दुसऱ्यावर बंगळुरूचा कुंबळे होता. भारतीयांविरुद्ध कट करायचा असता, तर तो इतका ढिसाळ कुणी केला नसता. त्यामुळे आरोप देशावरून घसरून व्यक्तीवर आला : भारतीयांविरुद्ध नसेल, पण तेंडुलकरविरुद्ध नक्कीच आहे, किंवा लाराच्या बाजूने आहे. त्या दशकात तेंडुलकर की लारा हा वाद कट्ट्याकट्ट्यावर चालू असल्याने लारा दुसरा आणि तेंडुलकर कुठेच नाही, ही गोष्ट वादातला कौल म्हणूनच वाचली गेली.

चाहते आकड्यांचे विरोधक होते, असे मात्र म्हणता येणार नाही. तेंडुलकरवरील भक्ती ही बऱ्याच अंशी आकड्यांवरच पोसलेली होती. कितवे शतक, कोणत्या वयात, कोणत्या देशात, गावसकरांच्या ३४ शतकांपासून अजून किती दूर, हे सारे शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असे. मुंबईला तर आनंदजी डोसा आणि सुधीर वैद्य यांच्यासारख्या आकडेतज्ज्ञांची परंपरा होती आणि त्यांच्याविषयी सर्वांना आदर होता. परंतु या परंपरेतील आकडेतज्ज्ञ मोजत असे, नोंदी तपासत असे, विक्रम सांगत असे. कोणता डाव थोर हे ठरवण्याचा अधिकार तो आपल्याकडे घेत नसे. तो अधिकार समालोचकाचा, जुन्या खेळाडूचा आणि अखेर प्रेक्षकाचा होता. २००१ च्या यादीत आकडेवाल्याने प्रथमच इतक्या मोठ्या नावाखाली तो अधिकार स्वतःकडे घेतला. माझ्या मते संतापाचे मूळ तेंडुलकरच्या अनुपस्थितीइतकेच या अधिकारबदलात होते.

त्यात काळही नाजूक होता. २००० च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे सामनानिश्चितीचे प्रकरण उघडकीस आले आणि डिसेंबरपर्यंत मोहम्मद अझरुद्दीनवर आजन्म बंदी आली. भारतीय क्रिकेटमधील कुणावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्या वर्षात प्रत्येक चाहत्याला पडला होता आणि त्याच्या उत्तरादाखल सर्वांनी ज्याच्याकडे पाहिले, तो तेंडुलकर होता. ज्याच्यावर काहीच शिंतोडे उडाले नाहीत, त्याला यादीतून वगळणे हे नुसते क्रीडाविषयक मत राहिले नाही. पुढे चारच महिन्यांनी, २००१ च्या नोव्हेंबरमध्ये, पोर्ट एलिझाबेथच्या कसोटीत सामनाधिकारी माइक डेनेस यांनी तेंडुलकरसह सहा भारतीय खेळाडूंवर कारवाई केली, तेव्हा देशात जो क्षोभ उसळला तो पाहिला म्हणजे परक्या नावाच्या संस्थांविषयीचा संशय किती चटकन उफाळून येण्याजोगा होता, हे ध्यानात येते.

पंचवीस शतकांचा हिशेब

आता आरोप बाजूला ठेवून तेंडुलकरची त्या वेळपर्यंतची शतके सूत्राच्या नजरेने पाहू. २५ शतकांपैकी ६ भारताने जिंकलेल्या सामन्यांत होती, ७ हरलेल्या आणि १२ अनिर्णित सामन्यांत. जिंकलेल्या सहांपैकी पाच मायदेशी होती : चेन्नईत १९९३ ला इंग्लंडविरुद्ध, लखनौत १९९४ ला श्रीलंकेविरुद्ध, चेन्नईत १९९८ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध, दिल्लीत २००० ला झिंबाब्वेविरुद्ध आणि पुन्हा चेन्नईत २००१ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध. परदेशात शतक आणि विजय एकत्र आल्याचा एकच प्रसंग होता, १९९३ चा कोलंबोचा. निकालाला वजन देणाऱ्या कोणत्याही सूत्रात ज्या फलंदाजाची पंचवीसपैकी एकोणीस शतके विजयाविना आहेत, त्याची वाट चढाची असणार हे उघड आहे. त्यासाठी आकस बाळगण्याची कुणाला गरज नाही.

उलट बाजूने पाहिले, तर हाच हिशेब चाहत्यांच्या तक्रारीला बळ देतो. १९९६ च्या एजबॅस्टनच्या दुसऱ्या डावात भारताच्या २१९ पैकी तेंडुलकरच्या १२२ होत्या आणि त्यानंतरची सर्वाधिक धावसंख्या संजय मांजरेकरची १८ होती. १९९७ च्या केपटाऊन कसोटीत दक्षिण आफ्रिकेच्या ५२९ ला उत्तर देताना भारत ५ बाद ५८ होता. तेथून तेंडुलकरने १६९ आणि अझरुद्दीनने ११५ करत २२२ धावांची भागीदारी रचली, तरी सामना २८२ धावांनी गेला. १९९२ च्या पर्थवर अठरा वर्षांच्या मुलाने त्या काळातील जगातल्या सर्वांत वेगवान खेळपट्टीवर ११४ धावा केल्या, भारत २७२ पर्यंत पोहोचला आणि तरीही ३०० धावांनी हरला. या सामन्यांत फलंदाजाने आणखी काय करायला हवे होते, असा प्रश्न विचारला, तर प्रामाणिक उत्तर 'गोलंदाजी' असेच द्यावे लागेल. नव्वदच्या दशकातील भारतीय संघ परदेशात प्रतिस्पर्ध्याचे वीस बळी घेऊ शकत नव्हता, ही उणीव सूत्राने नकळत तेंडुलकरच्या खात्यात मांडली होती.

मात्र जिंकलेल्या सामन्यांतील त्याचा सर्वांत नावाजलेला डाव, म्हणजे १९९८ चा चेन्नईचा नाबाद १५५, हाही यादीत नव्हता. हे निकालाच्या वजनाने स्पष्ट होत नाही, म्हणून त्याकडे जरा जवळून पाहायला हवे. पहिल्या डावात शेन वॉर्नने त्याला ४ धावांवर बाद केले होते. ऑस्ट्रेलियाने ७१ धावांची आघाडी घेतली होती. दुसऱ्या डावात तेंडुलकरने वॉर्नला ज्या रीतीने मोडून काढले, ते पाहिलेल्यांच्या मनातून गेलेले नाही आणि त्या मालिकेचा कल तेथेच ठरला. पण धावफलक काय सांगतो? भारताने ४ बाद ४१८ वर डाव घोषित केला. नवज्योत सिद्धू ६४, राहुल द्रविड ५६, अझरुद्दीन ६४. तेंडुलकर आला तेव्हा वरच्या फळीने पाया घातलेला होता, त्याच्याबरोबर दुसऱ्या टोकाला धावा होत होत्या, ऑस्ट्रेलियाच्या गोलंदाजीत ग्लेन मॅकग्रा नव्हता आणि विजय १७९ धावांचा होता. संघाची अवस्था, साथ, वाटा आणि चुरस या चारही निकषांवर हा डाव मध्यम ठरतो. त्याची थोरवी होती ती जगातल्या सर्वोत्तम लेगस्पिनरशी चाललेल्या द्वंद्वात, वॉर्नने राउंड द विकेट येऊन लेगस्टंपबाहेरच्या खरबडीत टाकलेला चेंडू मिडविकेटवरून भिरकावण्याच्या धाडसात. कोणत्या गोलंदाजाला कोणत्या चेंडूवर कसे खेळले, हे जुन्या सामन्यांच्या धावफलकांत नसते आणि १८७७ पासूनचे सगळे डाव एकाच मापाने मोजायचे म्हटले, तर जे सर्व धावफलकांत सापडते तेवढेच वापरता येते. ही सूत्राची मर्यादा खरी आहे, पण ती ब्रॅडमन यांनाही तितकीच लागू होते.

दोन महिन्यांच्या अंतरातील दोन डाव

प्रकरणाचा गाभा दोन डावांत आहे. पहिला ३१ जानेवारी १९९९ चा, चेन्नईचा. पाकिस्तानविरुद्ध जिंकायला २७१ धावा हव्या होत्या. तेंडुलकर २ बाद ६ वर आला. वकार युनूस, वसीम अक्रम आणि सकलेन मुश्ताक यांच्यासमोर भारताची ५ बाद ८२ अशी अवस्था झाली. तेथून नयन मोंगियाला साथीला घेऊन त्याने १३६ धावांची भागीदारी केली. पाठीच्या दुखण्याने तो प्रत्येक षटकागणिक वाकत होता. १७ धावा हव्या असताना सकलेनला उंच मारण्याच्या प्रयत्नात तो अक्रमच्या हाती झेल देऊन बाद झाला. ७ बाद २५४ वरून भारत २५८ वर सर्वबाद झाला आणि सामना १२ धावांनी गेला. सामनावीराचा पुरस्कार पराभूत संघातील तेंडुलकरला मिळाला. चेपॉकच्या प्रेक्षकांनी विजयी पाकिस्तानी संघाला उभे राहून दाद दिली, ही त्या मैदानाची खानदानी रीत.

दुसरा डाव ३० मार्च १९९९ चा, ब्रिजटाऊनचा. ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकायला ३०८ हव्या होत्या. मॅकग्रा, गिलेस्पी, वॉर्न आणि मॅकगिल यांच्यासमोर वेस्ट इंडिज ५ बाद १०५. तेथून लाराने जिमी अॅडम्सबरोबर १३३ धावांची भागीदारी केली. विजय हाताशी आलेला असताना यष्टिरक्षक इयान हीलीकडून लाराचा झेल सुटला. ९ बाद ३०२ वर कोर्टनी वॉल्श हा फलंदाजीत अगदीच कच्चा गडी आला, त्याने पाच चेंडू कसेबसे खेळून काढले आणि लाराच्या चौकाराने सामना एका गड्याने जिंकला गेला.

हे दोन डाव शेजारी ठेवले की समोरची गोलंदाजी, पाठलागाचे आव्हान, पाच गडी झटपट गेल्यानंतरची अवस्था, एका साथीदाराबरोबरची मोठी भागीदारी आणि संघाच्या निम्म्या धावा हे सगळे जवळपास सारखे दिसते. फरक शेवटच्या सतरा धावांचा. त्यातला काही भाग निश्चितच तेंडुलकरच्या पदरात टाकायला हवा : लारा अखेरपर्यंत उभा राहिला, तेंडुलकर उंच फटका मारून बाद झाला आणि अखेरपर्यंत टिकणे हे पाठलागातील कौशल्यच आहे. पण उरलेला भाग हीलीच्या हातमोज्यांत आणि वॉल्शच्या पाच चेंडूंत होता. हीलीने तो झेल घेतला असता, तर लाराने खेळलेला एकही फटका कमी थोर झाला नसता, परंतु डाव दुसऱ्या क्रमांकावर राहिला नसता. उलट सुनील जोशी, कुंबळे, श्रीनाथ आणि प्रसाद यांनी मिळून सतरा धावा काढल्या असत्या, तर त्याच १३६ धावा यादीत कुठेतरी वर दिसल्या असत्या, असे मानायला जागा आहे.

म्हणून चाहत्यांना जे म्हणायचे होते ते असे मांडता आले असते : निकाल हा अकरा जणांचा असतो, त्याचे वजन एका डावाच्या मोजमापात किती असावे हे गणित ठरवत नाही, ते गणित मांडणारा ठरवतो, आणि त्याने ते जास्त ठेवले आहे. हा आक्षेप निरुत्तर करणारा आहे. त्यावर विश्लेषकाला एवढेच म्हणता येते की, खेळ जिंकण्यासाठी खेळला जातो, म्हणून मी तसे ठरवले. म्हणजे वाद दोन मतांचा झाला असता आणि एका बाजूला शास्त्र, दुसऱ्या बाजूला भावना अशी जी वाटणी झाली ती टळली असती. प्रत्यक्षात आरोप हेतूवर झाला आणि हेतूवरचा आरोप खोडून काढायला सोपा असतो. माझे कुणाशी वैर नाही, सूत्र सर्वांना सारखेच लावले आहे, हे उत्तर खरे होते, पुरेसे वाटत होते आणि त्याने मूळ प्रश्नाला हातही लागत नव्हता. सर्वांना सारखे लावलेले माप सर्वांना न्याय्यच असेल असे नाही. दुबळ्या संघातील उत्तम फलंदाजाला हे माप पद्धतशीरपणे कमी लेखते आणि तसे कमी लेखले गेलेले तेंडुलकरखेरीज आणखीही असणार. त्यांच्यासाठी ओरडणारे शंभर कोटी लोक नव्हते, एवढेच.

सादरीकरणातील उणीव

अशी यादी जाहीर करताना काय वेगळे करता आले असते, याचा विचार केला तर तीन बाबी ठळकपणे पुढे येतात आणि त्यांत पहिली सर्वांत महत्त्वाची आहे. 'सर्वोत्तम १०० डाव' हे शीर्षक सूत्र जे मोजत होते त्याहून फार मोठे होते. सूत्र मोजत होते ते सामन्यावर पडलेल्या परिणामाला, त्यातही विजयाकडे झुकलेल्या परिणामाला. शीर्षकात तेवढेच सांगितले असते, तर तेंडुलकरची अनुपस्थिती हा भारतीय संघाविषयीचा निष्कर्ष म्हणून वाचता आला असता : जगातला सर्वोत्तम म्हणवला जाणारा फलंदाज बारा वर्षे खेळतो आणि त्याच्या शतकांपैकी चौथा हिस्साही विजयात बदलत नाही, ही माहिती अस्वस्थ करणारी आणि मोलाची होती.

दुसरे, निकालाचे वजन शून्य धरले असता यादी कशी दिसते आणि दुप्पट धरले असता कशी दिसते, हे शेजारीशेजारी दाखवता आले असते. ज्या डावांचे स्थान दोन्ही टोकांना फारसे हलत नाही, ते निर्विवाद. जे हलतात, ते वादाचे. शंभराव्या आणि एकशेएकाव्या क्रमांकांत गुणांचा फरक नगण्य असतो, पण एक छापला जातो आणि दुसरा नाही, यातून निर्माण होणारा 'आहे–नाही' हा आभासही त्याने बराच कमी झाला असता. तिसरी बाब म्हणजे कारकीर्द आणि डाव यांतला फरक सामान्य वाचकाला उदाहरणाने सांगणे. विश्वनाथ यांचे ९७ त्यासाठी हाताशी होतेच.

चाहत्यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवायला हवी. यादीतील लक्ष्मणच्या २८१ वर कुणी आक्षेप घेतला नाही. कोलकात्यात फॉलोऑननंतर सामना १७१ धावांनी फिरवणारा तो डाव सहावा असणे सर्वांना मान्य होते. पण लक्ष्मणला सहावा क्रमांक देणारे निकष आणि तेंडुलकरला बाहेर ठेवणारे निकष एकच होते. आवडलेला निकाल सूत्राच्या शहाणपणाचा आणि न आवडलेला लेखकाच्या खोटेपणाचा, ही विभागणी आकडेवारीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येते. तिचा राग येण्यापेक्षा ती गृहीत धरून लिहिणे त्याच्या हिताचे.

पुढे काय झाले

२००२ च्या डिसेंबरमध्ये 'विस्डेन'च्याच नावाने आणखी एक आकडेवारीवर आधारित क्रमवारी आली. या वेळी मोजल्या होत्या संपूर्ण कारकिर्दी. कसोटी फलंदाजांत ब्रॅडमन पहिले आणि सचिन तेंडुलकर दुसरा. एकदिवसीय फलंदाजांत व्हिव्हियन रिचर्ड्स पहिला आणि पुन्हा तेंडुलकर दुसरा. गोलंदाजांत कसोटीतील पहिला क्रमांक मुथय्या मुरलीधरनला मिळाला. दीड वर्षापूर्वी ज्या नावावर आकसाचा ठपका होता, त्याच नावाची ही क्रमवारी भारतात अभिमानाने छापली गेली आणि आजही तेंडुलकरच्या थोरवीचा दाखला म्हणून दिली जाते. एका यादीत शंभरांत नाही आणि दुसरीत ब्रॅडमननंतर लगेच, यात विसंगती नाही : एकही डाव शिखरावर न जाता शेकडो डाव सातत्याने उंचीवर राहू शकतात आणि २००१ पर्यंतच्या तेंडुलकरचे वर्णन करायला यापेक्षा नेमके वाक्य मिळणे कठीण आहे. परंतु दुसरी क्रमवारी मान्य करताना पहिलीवरचा आरोप मागे घ्यावा, असे फारसे कुणाला वाटले नाही.

ज्या उणिवेवर चाहते त्या वेळी निरुत्तर होत, ती २००८ च्या डिसेंबरमध्ये भरून निघाली. मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच चेन्नईत इंग्लंडविरुद्ध ३८७ धावांचा पाठलाग करताना तेंडुलकरने नाबाद १०३ धावा केल्या आणि विजयी फटकाही त्याच्याच बॅटमधून आला. चौथ्या डावातील विजयी शतक नाही, हे वाक्य त्या दिवशी संपले. तरीही २००१ च्या सूत्राने हा डाव तोलला, तर तो १९९९ च्या १३६ पेक्षा फार वर जाईलच, याची खात्री देता येत नाही. वीरेंद्र सेहवागने ६८ चेंडूंत ८३ धावा करून डावाला गती दिली होती, तेंडुलकर २ बाद १४१ वर आला, गौतम गंभीरने ६६ केल्या आणि युवराज सिंग ८५ धावांवर नाबाद राहून त्याच्याबरोबर १६३ धावांची अखंड भागीदारी करून गेला. सामना सहा गडी राखून जिंकला. निकालाचे गुण या डावाला पूर्ण मिळतील. संघाची अवस्था, मिळालेली साथ आणि संघाच्या धावांतील वाटा यांचे गुण मात्र चेन्नईच्याच त्या हरलेल्या डावाला अधिक मिळतील.